वेळापत्रकातील पहिली ओळ

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे संस्कृत सुभाषित तुमच्यापैकी अनेकांनी पाठ केले असेल. त्यांतील एक लक्षण आहे ‘श्वाननिद्रा’. जरा चाहूल लागताच मोडणारी, कुत्र्यासारखी सावध झोप विद्यार्थ्याची असावी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ हळूहळू ‘थोडी झोप’ असा होऊन बसला आहे. वास्तविक कुत्रा थोडा झोपत नाही. घरच्या किंवा गल्लीतल्या एखाद्या कुत्र्यावर सुट्टीच्या दिवशी लक्ष ठेवा. तुकड्यातुकड्यांनी का होईना, चोवीस तासांपैकी दहा तास किंवा त्याहूनही अधिक काळ तो झोपतो. तेव्हा सुभाषिताचा आधार घेऊन कोणी तुमची झोप कापू लागला, तर त्याला कुत्र्याचे वेळापत्रक दाखवायला हरकत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख झोपेची बाजू मांडण्यासाठी लिहिला आहे. अभ्यासाचे वेळापत्रक करताना आपण शाळा, शिकवणी, गृहपाठ, खेळ असे सर्व काही आधी लिहितो आणि जे तास उरतील ते झोपेला देतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. झोप पहिल्या ओळीत लिहावी आणि बाकीचे सारे तिच्याभोवती बसवावे. एवढेच नव्हे, तर मोठ्या वर्गांच्या शाळेची आणि शिकवणीची वेळ ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हा हिशेब केला पाहिजे. असे का म्हणतो, ते आता पाहू.

विश्रांती म्हणजे नुसते थांबणे नव्हे

घरातल्या मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तिका कधी वाचली आहे का? काही मिनिटे चालवा, मग काही मिनिटे बंद ठेवा, अशी सूचना तिच्यात असते. मोटारीच्या तारेतून विद्युतप्रवाह वाहिला की ती तापते. उष्णता बाहेर जायला वेळ मिळाला नाही, तर तारेवरचे विद्युतरोधक आवरण जळते. म्हणून यंत्राला विश्रांती हवी. आपली झोपही अशीच, शरीराचे यंत्र थंड करण्यासाठी किंवा ऊर्जा वाचवण्यासाठी असते, असा अनेकांचा समज आहे.

हिशेब मात्र तसे सांगत नाही. एक माणूस आठ तास झोपला आणि दुसरा तेवढाच वेळ जागा, पण स्वस्थ पडून राहिला, तर दोघांनी खर्च केलेल्या ऊर्जेत साधारण शंभर ते दीडशे किलोकॅलरींचा फरक पडतो. एवढी ऊर्जा एखाद-दुसऱ्या पोळीतून मिळते. एका पोळीच्या बचतीसाठी निसर्गाने प्राण्यांना रोज कित्येक तास बेसावध पडून राहायला लावले असेल, हे पटत नाही. झोपेत दुसरे काही महत्त्वाचे काम चालत असले पाहिजे.

ते काम चालते याचा पुरावा विजेनेच दिला. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर विद्युतअग्रे लावून मेंदूतील अतिशय क्षीण विद्युतस्पंदने प्रथम नोंदवली. पुढे अशी नोंद झोपलेल्या माणसांचीही घेतली गेली. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजिन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांना दिसून आले, की झोपेच्या काही टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. या टप्प्यांत मेंदूची स्पंदने जवळजवळ जागेपणासारखी असतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप यांचे सुमारे दीड तासाचे एक आवर्तन असते व रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. शरीराची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाचा मोठा झोत याच वेळी रक्तात येतो. उत्तरार्धात स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढत जातो. म्हणजे पहाटेचे दोन तास कापले, की सर्व प्रकारची झोप थोडी थोडी कमी होते असे नाही. एका प्रकारच्या झोपेवर मोठाच घाला पडतो.

या कामाचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. १९२४ सालीच अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. पाठ केल्यावर काही वेळा ते झोपत, काही वेळा जागे राहून नित्याचे व्यवहार करत. तेवढ्याच तासांनंतर विचारले असता, झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी अधिक अक्षरे आठवत. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हा विषय पुष्कळ पुढे गेला आहे. दिवसा शिकलेल्या गोष्टींशी संबंधित पेशींची जुळणी गाढ झोपेत पुन्हा उद्दीपित होते, असे प्राण्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. जणू मेंदू तुमच्या नकळत धड्याची उजळणी करतो. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागणारा विद्यार्थी दोन तासांचा अभ्यास मिळवतो खरा, पण दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे तास त्याच्या बदल्यात देऊन टाकतो. हा सौदा तोट्याचा आहे.

वाळूचे घड्याळ आणि लंबकाचे घड्याळ

झोप केव्हा येते, हे दोन गोष्टींवर ठरते. अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही कल्पना नीट मांडली. सोयीसाठी आपण त्यांना दोन घड्याळे म्हणू.

पहिले वाळूचे. आपण जागे झाल्यापासून त्यात वाळू साचू लागते. जितके जास्त जागावे तितका ढीग मोठा आणि झोपेची ओढ तीव्र. ही ‘वाळू’ म्हणजे बऱ्याच अंशी ॲडिनोसिन नावाचे द्रव्य होय. मेंदूतील पेशी काम करताना ते साचत जाते आणि झोपेत ओसरते. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून बसते. त्यामुळे वाळू साचलेली असूनही आपल्याला ती जाणवत नाही. चहाने थकवा जात नाही, थकव्याची सूचना तेवढी बंद होते. शिवाय मोठ्या माणसाच्या शरीरातील निम्मे कॅफीन निघून जायला सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सातला घेतलेली कडक कॉफी रात्री बाराला निम्म्याने तरी शिल्लक असते, ती अशी.

दुसरे घड्याळ लंबकाच्या घड्याळासारखे स्वतःच्या गतीने चालते. १७२९ साली फ्रान्समधील द मेरां यांनी लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आतच घड्याळ असते, याचा तो पहिला पुरावा. हे घड्याळ पेशींत कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींच्या एका लहानशा केंद्रात असते. त्याचा आवर्तकाल चोवीस तासांहून किंचित जास्त असल्याने ते रोज थोडे मागे पडू पाहते. डोळ्यांत शिरणारा प्रकाश, विशेषतः सकाळचा, ते रोज जुळवून घेतो.

प्रकाश किती, याला येथे फार महत्त्व आहे. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास दीपन असते. पौर्णिमेच्या चांदण्यात ते पाव लक्सच्या जवळपास भरते. आपल्या दिवाणखान्यातले दिवे शंभर ते तीनशे लक्स देतात. ते उन्हापुढे नगण्य असले, तरी चांदण्याच्या शेकडो पट आहेत. लक्षावधी वर्षे सूर्यास्तानंतर ज्या शरीराने चंद्र आणि शेकोटी एवढेच उजेड पाहिले, त्याला रात्री दहा वाजताचा लखलखाट आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलेला मोबाईल हे दिवस लांबल्यासारखे वाटते. झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्यामुळे उशिरा स्रवू लागते.

आळस की निसर्ग?

आता खरा मुद्दा. तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे हे दुसरे घड्याळ आपोआप मागे सरकते. अमेरिकेतील मेरी कार्सकाडन यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. या वयात मेलाटोनिन पूर्वीपेक्षा एक ते दोन तास उशिरा स्रवू लागते आणि वाळूही सावकाश साचते. म्हणून चौथीत साडेनऊला पेंगणारे मूल नववीत अकरा वाजले तरी टक्क जागे असते. झोपेची गरज मात्र त्या प्रमाणात घटत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०१६ साली केली आहे.

आता सकाळच्या सत्रातील दहावीच्या विद्यार्थ्याचा दिवस मांडून पाहा. शाळा सातला, म्हणून उठायचे साडेपाचला. नऊ तास झोप हवी तर रात्री साडेआठला अंथरुणावर पडले पाहिजे. पण शिकवणी सुटते आठला, जेवण होते नऊला, गृहपाठ आटोपतो साडेदहाला आणि झोप लागते अकराला. हाती आले साडेसहा तास. रोजची तूट अडीच तासांची. सहा दिवसांची पंधरा तास. ही तूट रविवारी भरून काढायची, तर त्या दिवशी चोवीस तास झोपावे लागेल! म्हणजे हा मुलगा आळशी आहे किंवा ही मुलगी ‘मोबाईलवेडी’ आहे, असे म्हणण्यापूर्वी कागदावरचे हे गणित सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे.

“पण सवय होते हो!” असे यावर हमखास सांगितले जाते. सवय होते ती कशाची, हे २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. प्रौढ स्वयंसेवकांना दोन आठवडे रोज ठरावीक तासच झोपू दिले. रोज सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली. दोन आठवड्यांअखेर काही कसोट्यांत ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. आणि गंमत अशी, की आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच ते सांगत होते. म्हणजे सवय होते ती थकवा न जाणवण्याची. थकवा आपले काम करीतच असतो. मोजपट्टीच जर झिजली असेल, तर तिने घेतलेल्या मापावर विश्वास कसा ठेवायचा?

म्हणूनच मोजमाप बाहेरच्या पट्टीने करावे. त्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. मित्राला तीस सेंटिमीटरची फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेशी तुमचा अंगठा व तर्जनी किंचित दूर ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. पट्टी किती घसरली ते मीटरमध्ये लिहा. त्या अंतराची दुप्पट करा, तिला गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा. हा तुमचा प्रतिक्रियाकाल, सेकंदांत. वीस सेंटिमीटरला तो ०.२० सेकंद येईल, तीस सेंटिमीटरला सुमारे ०.२५. सुरुवातीला हात बसेपर्यंतची वाचने सोडून द्या. मग दोन आठवडे, रोज ठरलेल्या वेळी दहा वाचने घेऊन त्यांची सरासरी काढा आणि शेजारी आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहा. मुद्दाम जागू नका. नेहमीच्या रात्रीच पुरेशा वेगवेगळ्या असतात. आलेख काढला, की तुमच्या झोपेविषयी इतरांचे मत विचारायची गरज राहणार नाही.

०.०५ सेकंदाचा फरक क्षुल्लक वाटतो. पण ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर तेवढ्या अवधीत अर्धा मीटर पुढे जाते. आणि झोपेची तूट असलेल्या माणसाला नुसता उशीर होत नाही, मध्येच क्षणभर डुलकीही लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी ५० मीटर अंतर चालकाविना कापते. वर्गात अशी डुलकी लागली तर जीव जात नाही, एवढेच. सकाळी सव्वासातच्या प्रात्यक्षिकाला अकरावीची मुले व्हर्नियरवरचे वाचन घेतात आणि अकराच्या तुकडीतली मुलेही तेच घेतात. उपकरण तेच, पुस्तक तेच. पण पहिल्या तुकडीला तीच सूचना मला दोनदा-तीनदा द्यावी लागते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

मोठ्यांनी काय करावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण त्यामागे होते. निर्णय चांगलाच आहे. परंतु जीवशास्त्र पाहता ज्यांचे घड्याळ उशिरा चालते, ती मुले चौथीच्या पुढची आहेत. लहानांना जे दिले, ते आठवी ते बारावीच्या मुलांना त्याहून निकडीने द्यायला हवे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत, असे सुचवले. कॅलिफोर्निया राज्यात २०१९ साली तसा कायदा झाला आणि २०२२ पासून ग्रामीण भाग वगळता तो तेथील उच्च माध्यमिक शाळांना लागूही झाला.

“शाळा उशिरा भरली तर मुले आणखी उशिरा झोपतील,” अशी शंका तुमच्या घरीही निघेल. २०१६ साली सिएटल शहराने उच्च माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी उपकरणे बांधून हीच गोष्ट तपासली गेली. मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. मिळालेला वेळ बराचसा झोपेतच गेला.

अडचणी आहेत, हे मीही जाणतो. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, कारण वर्गखोल्या अपुऱ्या आहेत. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना सकाळीच मूल शाळेत पोचवावे लागते. उन्हाळ्यात दुपारच्या तापापेक्षा सकाळची शाळाच बरी. खेड्यातली शाळा बहुधा साडेदहा-अकराला भरते. पण तेथे पहाटेचे पाणी, गुरे आणि एसटीची वेळ झोप कापते. म्हणून साऱ्या राज्याला एकच वेळ लावा, असे माझे म्हणणे नाही. पण दोन सत्रे असलीच, तर सकाळचे सत्र मोठ्या वर्गांनाच का, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा. लहान मुले सकाळी लवकर उठतात. मोठी उठत नाहीत, त्यांना उठवावे लागते. नवाच्या नियमामुळे लहानांना सातला बोलावता येणार नाही, हे खरे. पण मोठ्यांचा पहिला तास साडेआठच्या जवळ आणणे, संध्याकाळच्या शिकवण्या सातच्या आत संपवणे आणि गृहपाठ मोजका देणे हे शासनाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. लवकर उठण्याचे गोडवे गाणाऱ्या आजोबांनीही एक आठवावे: त्यांच्या लहानपणी कंदील मालवून घर नऊच्या आत निजत असे. म्हणीतला ‘लवकर निजावे’ हा अर्धा भाग आपण गाळला आणि ‘लवकर उठावे’ तेवढे ठेवले.

तुमच्या हाती काय आहे?

शाळेची वेळ तुमच्या हाती नाही. पण काही गोष्टी नक्कीच आहेत. सकाळी अर्धा तास उघड्यावर, उजेडात घालवा. घड्याळ पुढे ओढायला तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दिवा मंद करा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. रविवारी हवे तर तास-दीड तास जास्त झोपा, पण दुपारपर्यंत लोळू नका, नाहीतर सोमवारी घड्याळ पुन्हा मागे गेलेले असेल. शाळेतून आल्यावर वीस मिनिटांची वामकुक्षी चालेल. ती दोन तासांची झाली, तर वाळू तेव्हाच ओसरून जाईल आणि रात्री झोप येणार नाही. अभ्यासात पाऊण तासानंतर पाच-दहा मिनिटे उठून गच्चीवर जा, झाडाला पाणी घाला किंवा नुसते बसा. मोबाईल चाळणे मात्र या विश्रांतीत धरू नका. त्यात डोळे आणि मेंदू दोन्ही कामावरच असतात.

जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतील, तेव्हा नवी वेळापत्रके होतील. कोरा कागद घ्या. पहिल्या ओळीत झोपेचे नऊ तास लिहा आणि त्याभोवती चौकट काढा. मग उरलेल्या पंधरा तासांत बाकी सारे बसवून पाहा. बसले नाही, तर तो कागद आणि फूटपट्टीच्या प्रयोगाचा आलेख आईवडिलांना आणि वर्गशिक्षकांना दाखवा व कोणती ओळ खोडायची, ते त्यांना विचारा. चौकटीतली ओळ मात्र कोणी खोडणार नाही, एवढे आधी ठरवून घ्या.